मोहाखालची हाळी

हिंगणीत काजल ताकसांडे कोण हे कोणालाही विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. ती करते काय हे विचारलं की मात्र गाव डोकं खाजवतं. कोणी म्हणतं, मोबाइलवर काहीबाही टाकत असते. कोणी म्हणतं, लग्नाचं वय झालं तरी पोट्टी दिवसभर गेमा खेळते. दिवसभर कुठची, बाप्पा! सकाळच्या एसटीनं ती सेलूला जाते, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लोकांनी फोडून आणलेल्या काचा बदलते आणि दिवस मावळताना परत येते. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार.

तर ती गेमांवर लिहिते. 'ओट्यावरचा डाव' नावाचं तिचं स्वतःचं पान आहे. त्यावर जाहिरात नाही, दहापैकी आठ आणि पाचपैकी चार असले गुण वाटणं नाही, कंपनीनं पाठवलेलं गोड बोलणं जसंच्या तसं उतरवणं तर नाहीच नाही. खेळताना तिला काय वाटलं, घरात कोण काय म्हणालं, ते ती आपल्या वऱ्हाडीत लिहून मोकळी होते. तिचे नियम दोनच. खेळ पुरा केल्याबिगर लिहायचं नाही, आणि लिहिलेलं बाबाला वाचून दाखवल्याबिगर टाकायचं नाही.

बाबा म्हणजे गुलाबराव. गुडघ्यानं जेरीस आलेला माणूस, संध्याकाळी ओट्यावर पाय लांब करून बसतो. गेम त्यानं उभ्या जन्मात हातात धरला नाही. पण लेकीनं वाचायला घेतलं की डोळे मिटून ऐकतो, आणि मधेच म्हणतो, "हे नाई समजलं." मग काजल तेवढं खोडते आणि पुन्हा लिहिते. "समजलं" म्हणाला की लेख पक्का. एकदा शेतीच्या गेमवर तिनं लिहिलं होतं. बोट लावलं की कापसाचं अख्खं शेत वेचून होतं, असा तो गेम. बाबानं विचारलं, "वेचायले बाया किती लागल्या?" तिनं तो प्रश्नच लेखाचा मथळा केला. पुण्या-नाशकाचे लोक तिला तेव्हापासून वाचू लागले. हिंगणीतलं कोणी वाचत नाही ते सोडा.

आता आईचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अन्नपूर्णाबाईला जाऊन सात वर्षं झाली. चैतात मोहफुलं वेचायला बोरच्या जंगलाच्या कडेला बाया गेल्या होत्या, तिथं वाघानं तिला नेलं. काजल तेव्हा सेलूला परीक्षेला गेलेली. परत आली तेव्हा अंगणात माणसंच माणसं होती. शेजारच्या मंदाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तिले कळलंच नाई वं माय. आवाजही नाई निघाला." त्या एका वाक्यावर काजलनं दिवस काढले. आपल्या आईला भ्यायलाही वेळ मिळाला नाही, एवढाच तिचा आधार. बाबानं त्या दिवसापासून बायकोचं नाव तोंडातून काढलं नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी तिचा फोटो आहे, तिथं रोज मेणबत्ती लावतो आणि चूप. काजलही विचारत नाही. जखमेवर खपली धरली असेल तर नख कशाला लावायचं, असं दोघांचं चाललं होतं.

आणि मग योगेंद्रचा गेम आला.

योगेंद्र म्हणजे किराणावाल्या मधुकररावांचा मुलगा, काजलच्याच वर्गातला. पुण्याला कंपनीत आहे, पण हा गेम त्यानं एकट्यानं, सुट्टीच्या दिवशी बसून केलेला. नाव 'मोहाखाली'. रविवारी तो सगळ्यांसाठी खुला होणार होता. त्याआधी लिहिणाऱ्या चार लोकांना त्यानं पाठवला, त्यात काजल होती. सोबत एवढाच निरोप होता, 'तुले जे वाटन ते लिह.' तिला आनंद झाला, का होऊ नये? आपल्या गावच्या जंगलाचा गेम, आपल्या वर्गातल्या पोरानं केलेला. सोमवारी संध्याकाळी चहाचा कप घेऊन ती आतल्या खोलीत बसली.

गेममध्ये आपण एक पोरगा असतो. पहाटेच्या उजेडात मोहाखाली पडलेली फुलं वेचायची, टोपली भरायची. चालायचं, वेचायचं, मागे वळून पाहायचं, एवढंच हातात. पलीकडच्या झाडाखाली एक बाई वाकून वेचत असते. निळी साडी, डोक्याला पांढरा दुपट्टा, पाठमोरी. काजल वेचत वेचत तिच्याजवळ गेली आणि तिचा अंगठा काचेवरच थांबला. बाईच्या टोपलीच्या फुटक्या काठाला लाल चिंधी गुंडाळलेली होती.

ती चिंधी काजलनं स्वतः बांधली होती. आपल्या जुन्या फ्रॉकची.

मग जे व्हायचं ते झालं. पाखरं गप्प झाली. वानर ओरडलं. गवत हललं. काजलनं पोराला पळवलं, पण तो पोचायच्या आत पडदा काळा झाला. ना किंकाळी, ना काही. उजेड आला तेव्हा जमिनीवर टोपली आडवी पडलेली होती.

तिनं पुन्हा सुरू केला. आधीच जाऊन बाईजवळ उभी राहिली. लांबून फेरा मारून गेली. फुलं न वेचता नुसती बसून राहिली. काही करा, पडदा काळा. करणाऱ्यानं जिथं दारच ठेवलं नाही तिथून खेळणारा बाहेर पडणार कसा? बाहेरून बाबानं हाक मारली, "काजल, काय करून राह्यली वं? भात लागला." भात खरोखरच लागला होता. तिनं गॅस बंद केला आणि करपलेलं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

नियमाप्रमाणे गेम पुरा करायचा होता, तो तिनं दोन दिवसांत पुरा केला. शेवटी पोरगा ती टोपली उचलून गावात नेतो, एका दारापुढं ठेवतो. दार उघडतं आणि खेळ संपतो. दार कोण उघडतं ते दिसत नाही. काजलला दिसायची गरज नव्हती, ते दार तिच्याच घराचं होतं.

दरम्यान बाकीच्या तिघांपैकी एकाचा लेख आलाही. शहरातला चांगला नावाजलेला लिहिणारा. त्यानं लिहिलं होतं की त्या बाईच्या निःशब्द मरणात एक सौंदर्य आहे. सौंदर्य म्हणे! काजलनं दुकानातल्या टेबलावर मोबाइल उपडा ठेवला आणि स्क्रू काढायच्या नादात ग्राहकाची चांगली काच फोडली.

त्याच दुपारी तिनं योगेंद्रला फोन लावला.

"ते टोपलं कोणाचं आहे?"

तो म्हणाला, "ओळखलं तू."

"आंधळा माणूसही ओळखन. चिंधीसुद्धा सोडली नाई तू."

"काजल, मी वाईट मनानं नाई केलं. नाव नाई, चेहरा नाई. अन्नपूर्णा मावशी मले मुठी भरभरून मोहफुलं द्यायची. गाव तिले विसरून राह्यलं, मले विसरायचं नोतं."

"मंग मले विचारायचं होतं."

"विचारलं असतं तं तू नाई म्हनली असती."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. तिनं विचारलं, "ते बाई असं चूपचाप काऊन मरते?"

"तसंच झालं न," योगेंद्र म्हणाला. "आवाजही नाई निघाला म्हणे. सारं गाव सांगते."

काजलनं फोन ठेवला. भांडण योगेंद्रशी होतं, पण धास्ती बसली ती रविवारची. रविवारी गेम गावात येणार. चौकात पानठेल्यापुढं पोट्टे बसलेले असतात, एकाच्या मोबाइलवर पाच जण. त्यांच्या हातात तिची आई मरणार, पुन्हा पुन्हा. आणि सकाळी तंबाखू घ्यायला बाबा तिथंच जातो. कोणीतरी हौशीनं म्हणणारच, गुलाबराव, इकडे पाहा, आपल्या हिंगणीचा गेम. सात वर्षं ज्या माणसानं नाव उच्चारलं नाही त्याला बायकोचं मरण पानठेल्यावर दिसणार. त्याआधी त्याला घरात कळायला पाहिजे होतं, आणि सांगणार तीच.

सांगायची तिला एकच रीत येत होती. ती लिहायला बसली. गेमचं चित्र किती सुरेख आहे, पहाटेचा उजेड कसा हुबेहूब उतरला आहे, असं गुळमुळीत लिहून पाहिलं. खोडलं. शिव्या घालून पाहिल्या. त्याही खोडल्या. शेवटी शुक्रवारी तिनं जसं झालं तसं लिहिलं. टोपली, चिंधी, निळी साडी, काळा पडदा, सगळं. बाबाचा गुडघा त्या दिवशी फार ठणकत होता. उद्या वाचू, असं तिच्या मनात दहादा आलं. पण उद्या शनिवार होता, आणि परवा गेम गावात येणार होता.

ओट्यावर बसून ती वाचू लागली. बाबानं नेहमीसारखे डोळे मिटले. मोहाच्या झाडापर्यंत तो मान हलवत होता. चिंधीपाशी मान थांबली. काजलनं ते पाहिलं, तरी वाचणं सोडलं नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. 'पडदा काळा होते, आवाज नाई' असं वाचून ती चूप झाली. बाबा हलला नाही. त्याच्या कपाळावरची शीर तेवढी उडत होती. काजलला वाटलं, संपलं. आपण बापाला आपल्या हातानं खाईत लोटलं.

मग बाबा डोळे न उघडता म्हणाला, "हे नाई समजलं."

"काय, बाबा?"

"आवाज नाई म्हणजे? ते बाई हाळी देत नाई?"

"नाई. गेममध्ये हाळी नाई."

"मंग ते तुही माय नोहे." त्यानं डोळे उघडले. "तुही माय चूप नोती."

काजलला काही उमगेना. बाबा भिंतीला धरून उठला, लंगडत कुंपणापाशी गेला आणि शेजारच्या अंगणाकडं तोंड करून म्हणाला, "मंदे, इकडे ये. आता पोरीले सांग."

मंदाबाई भांडी घासत होती. राखेचे हात पदराला पुसत आली, ओट्याच्या खालीच उभी राहिली. वर ये म्हटलं तरी आली नाही.

मोहफुलं वेचणाऱ्या बायांची एक रीत आहे, ती काजललाही ठाऊक होती. झाडं लांब लांब, माणूस माणसाला दिसत नाही, म्हणून अधूनमधून हाळी द्यायची. लांब 'कूऽऽ' म्हणजे मी इथं आहे. दोन तुटक 'कू कू' म्हणजे जनावर आहे, पळा. आणि ऐकणाऱ्यानं 'हूऽऽ' म्हणून जवाब द्यायचाच. जवाब येईस्तोवर हाळी देणारीनं थांबायचं नाही. न जाणो, ऐकलं नसेल तर?

"वाघ तिच्याकडे नोता पाहत," मंदाबाई म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती. "आमच्याकडे तोंड होतं त्याचं. आमी सहासात जणी वाकलेल्या, आमाले काय मालूम. तिनं पाह्यलं. ते झाडाले चिकटून चूप बसली असती तं वाचली असती. तिनं हाळी देल्ली. कू कू. आमी टोपले टाकून पळालो."

"मंग?" काजल म्हणाली.

"मंग काय. जवाब कोनीच नाई देल्ला. भेव लागलं वं माय. तोंड उघडलं तं तो आपल्यावर येईन, असं वाटलं. आमी पळतच होतो आन् ते हाळी देतच होती. तिले वाटलं आमाले ऐकूच नाई गेलं." मंदाबाईनं पदर तोंडाला लावला. "पार सडकेपर्यंत ऐकू येत होती. मंग बंद झाली."

पलीकडं घासलेल्या भांड्यांवर मांजर येऊन बसलं, त्याला हाकलायलाही कोणी उठलं नाही.

काजलला आधी राग आला. या बाईच्या हातचं तिनं सात वर्षं खाल्लं होतं. आजारी पडली तेव्हा हिनंच डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. आणि हिनंच ते वाक्य तिच्या ओटीत घातलं, आवाजही नाही निघाला म्हणून. एका पोरीचं मन राखायला सांगितलेलं खोटं गावभर झालं, योगेंद्रपर्यंत गेलं, आणि त्यानं ते भोळेपणानं गेममध्ये घालून तिच्याच हातात दिलं.

"तुमाले मालूम होतं?" तिनं बाबाला विचारलं.

"मालूम होतं. तू परीक्षेतून आलती. तुले काय सांगाव? मंग सांगायचं राहूनच गेलं." बाबा खाली बसला. "नाव घेतलं असतं तं सारंच तोंडातून निघालं असतं. म्हणून नाव घेणंच सोडलं."

मंदाबाई केव्हा निघून गेली ते कळलं नाही. तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

काजलनं लेख त्या रात्रीच नव्यानं लिहिला. मोठा नाही. 'गेम चांगला आहे,' असं तिनं लिहिलं. 'झाडं खरी आहेत, उजेड खरा आहे. पण त्यात जे बाई मरते ते माही माय आहे आणि माही माय चूप नोती. तिनं हाळी देल्ली आणि बाकीच्या बाया घरी आल्या. तिचा आवाज कोणी काढून घेतला? योगेंद्रनं नाई. मले जपणाऱ्या लोकांच्या मायेनंच काढून घेतला. ज्या गेममध्ये हाळी द्यायची सोय नाई, तो गेम मी पुरा केला असं मी म्हणत नाई.' मंदाबाईचं नाव तिनं घातलं नाही. का नाही घातलं, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

सकाळी तिनं वाचून दाखवलं. बाबा म्हणाला, "समजलं."

मग तिनं तो पानावर टाकायच्या आधी योगेंद्रला पाठवला. एवढी सवलत तिनं आजवर कोणाला दिली नव्हती. दुपारपर्यंत त्याचा ना फोन, ना निरोप. काजलला वाटलं, गेला हा, आता उद्या गेम तसाच येणार. संध्याकाळी पाहते तर तो स्वतःच दारात, पाठीवर पिशवी, बसच्या धुळीनं माखलेला. पुण्याहून रात्रीच निघाला होता, आईला वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवायला म्हणून. लेख त्यानं गाडीत वाचला होता.

"उद्या नाई काढत गेम," तो म्हणाला. ओट्याच्या पायरीवर बसला आणि गुलाबरावांकडं न पाहता म्हणाला, "काका, हाळी घालतो मी. पण मले ते हाळी कशी होती ते मालूम नाई. यंत्रातून काढली तं खोटी होईन."

जिला ती नेमकी ठाऊक होती ती मंदाबाई. काजल तिला बोलवायला गेली. दार आतून लावलेलं होतं. "मावशी," तिनं हाक मारली. आत कोणीतरी होतं, बांगड्या वाजल्या, पण दार उघडलं नाही. काजल परत आली.

बाबा ओट्यावर उभा होता. एक हात खांबाला. "मी जात होतो तिच्यासंगं, लग्नाच्या पहिल्या सालापासून," तो म्हणाला. "मले येते. दम पुरते का ते पाहू."

योगेंद्रनं मोबाइल पुढं धरला. काजलला बापाकडं पाहवत नव्हतं आणि नजर हलवताही येत नव्हती. त्यानं घसा खाकरला. पहिला आवाज फाटला, नुसती हवा निघाली. तो थांबला, छाती भरून घेतली.

"कू कू!"

असा आवाज त्या म्हाताऱ्या छातीत असेल असं काजलला वाटलं नव्हतं. बारीक, तीक्ष्ण, बाईमाणसाचा. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. नळावरची बाई घागर धरून उभी राहिली. गल्लीत ज्यांना त्या हाळीचा अर्थ ठाऊक होता त्या बाया दारात आल्या. आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, तोंड मिटून.

"कू कू!"

योगेंद्रला वाटलं झालं, तो मोबाइल खाली घेऊ लागला. काजलनं त्याचं मनगट धरलं. बाबा थांबणार नव्हता. रीत तशी होती. खांबावरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"कू कू! कू कू!"

मंदाबाईच्या बंद दाराआडून आवाज आला. आधी रडण्यासारखा, मग मोठा, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"हूऽऽ!"

मग नळावरून आला. मग पलीकडच्या दारातून, आणि त्याच्या पलीकडच्या.

जवाब आला तशी बाबानं हाळी थांबवली आणि खाली बसला.